ॲम्बॅसडर आणि पद्मिनी : दोन यंत्रपरंपरांची तुलना

मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले अनेक माग भिवंडीत पुन्हा चालू झाले. यंत्राच्या अशा दुसऱ्या आयुष्याचे मूल्यमापन करताना ते कोणाच्या हाती चालले, हेही पाहावयास हवे. उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर व कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी या मोटारींनाही हाच न्याय लागू पडतो.

पहिलीचे मूळ इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, दुसरीचे इटलीची फियाट ११००. ॲम्बॅसडरमध्ये प्रशस्तपणा व भक्कमपणा यांवर इंग्रजी भर दिसतो. पद्मिनीत अवघ्या १०८९ घनसेंटिमीटरच्या एंजिनाकडून चपळ चाल मिळविणारी इटालियन काटकसर दिसते. म्हणूनच खडबडीत रस्त्यांना पहिली आणि मुंबईच्या गर्दीला दुसरी अधिक मानवली.

तथापि त्यांच्या दीर्घायुष्याचे सारे श्रेय या गुणांना देणे ही रसिकांची भूल होय. मूळ देशांत १९७० पूर्वीच बंद झालेले हे नमुने येथे टिकले, ते मुख्यतः परवाना-पद्धतीच्या आश्रयाने. १९८३ साली मारुती ८०० येताच खाजगी ग्राहक तिच्याकडे वळू लागला. २०१४ साली ॲम्बॅसडरचे उत्पादन थांबले. २०२३ साली मुंबईतील पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. या गाड्यांविषयीची आत्मीयता खरी आहे. परंतु तिचा मोठा वाटा त्या चालत्या ठेवणाऱ्या कारागिरांकडे जातो.