मेहेरबानीची जागा आणि हक्काची जागा

विरोधी पक्ष लहान असला की त्याची कीव करण्याची आपल्याकडे रीत आहे. ‘दोन-चार आमदार निवडून आणून काय होणार?’ हा प्रश्न मला वर्गात विद्यार्थी विचारतात, वस्तीतले जुने कार्यकर्तेही विचारतात. प्रश्न खोटा नाही. पण अपुरा आहे. जागा किती, याबरोबर त्या कोणाच्या बळावर मिळाल्या, हेही विचारले पाहिजे. त्यासाठी मी सिंगापूरच्या वर्कर्स पार्टीकडे वळतो.

डेव्हिड मार्शल यांनी हा पक्ष नोव्हेंबर १९५७ मध्ये स्थापन केला. आपला रिपब्लिकन पक्ष त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला जन्मला. दोघांमध्ये एका महिन्याचे अंतर, आणि दोघांसमोर एकेक बलाढ्य सत्ताधारी पक्ष. सिंगापुरात पीपल्स ॲक्शन पार्टी १९५९ पासून अखंड सत्तेवर आहे. फेब्रुवारी १९६३ मध्ये शंभराहून अधिक डावे नेते व कार्यकर्ते तुरुंगात गेले. १९६८ साली सत्ताधाऱ्यांनी ५८ पैकी ५८ जागा घेतल्या; त्यांतल्या ५१ बिनविरोध. पुढे तेरा वर्षे संसदेत निवडून आलेला एकही विरोधक नव्हता. ३१ ऑक्टोबर १९८१ रोजी ॲन्सनच्या पोटनिवडणुकीत वर्कर्स पार्टीचे जे. बी. जयरत्नम निवडून आले. चिनी बहुसंख्य देशात एक तमिळ वकील सत्तेच्या उमेदवाराला हरवतो, ही गोष्ट साधी नव्हती.

यानंतर सत्तेने जे केले ते आपल्या अभ्यासाचा विषय व्हावे असे आहे. तिने विरोधाला नुसते दडपले नाही. त्याला जागाही देऊ केली. १९८४ मध्ये घटना बदलून, हरलेल्या विरोधी उमेदवारांपैकी अधिक मते मिळवणाऱ्यांना संसदेत बसवण्याची सोय झाली. मात्र घटनादुरुस्ती, अर्थविषयक विधेयके आणि अविश्वासाचा ठराव यांवर त्यांना मत नव्हते. (पूर्ण मताधिकार २०१६ च्या दुरुस्तीने दिला.) त्या वर्षी देऊ केलेली जागा वर्कर्स पार्टीच्या उमेदवाराने नाकारली. पुढे पक्षाने अशा जागा घेतल्या, हेही नमूद केले पाहिजे.

१९८८ मध्ये गट-मतदारसंघ आले. अनेक उमेदवारांचा एक संच, त्यात किमान एक मलाय, भारतीय वा अन्य अल्पसंख्याक. मतदाराने संपूर्ण संच निवडायचा. कारण सांगितले गेले अल्पसंख्याकांच्या प्रतिनिधित्वाचे. प्रत्यक्षात काय झाले? अल्पसंख्याक उमेदवार मोठ्या पक्षाच्या संचात बसून संसदेत जाऊ लागला, आणि लहान पक्षाला एक नव्हे तर पाच-सहा उमेदवार उभे करणे भाग पडले. १९८८ ते २०११ या काळात एकही गट-मतदारसंघ विरोधकांना जिंकता आला नाही.

येथे पुणे कराराची आठवण न होणारा वाचक या नियतकालिकाचा नव्हे. २४ सप्टेंबर १९३२ च्या करारात राखीव जागा वाढल्या, पण मतदारसंघ संयुक्त झाला. प्रतिनिधी आमचा, निवडणारे मात्र बहुसंख्य. त्याचा परिणाम काय होतो, ते बाबासाहेबांनी १९४५ च्या काँग्रेसविषयीच्या ग्रंथात परखडपणे मांडले आहे. १९५२ साली उत्तर मुंबईत त्यांना स्वतःला ते भोगावे लागले. सिंगापुरात अस्पृश्यता नाही, दोन इतिहास एक नव्हेत. तरी यंत्र ओळखीचे आहे: चेहरा अल्पसंख्याकाचा, निष्ठा सत्तेची.

हक्काने मिळवलेल्या जागेची किंमतही पाहावी. जयरत्नम १९८६ मध्ये पक्षाच्या हिशेबाच्या खटल्यात दोषी ठरले, तुरुंगात गेले, खासदारकी गेली. १९८८ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने त्यांची वकिली परत दिली आणि त्यांच्यावर घोर अन्याय झाल्याचे म्हटले. शिक्षा मात्र रद्द झाली नाही. अब्रुनुकसानीच्या दाव्यांनी २००१ मध्ये ते दिवाळखोर ठरले, संसदेतून पुन्हा बाहेर पडले. २००८ मध्ये ते वारले. १९९७ च्या निवडणुकीत, सत्तेला मत देणाऱ्या वॉर्डांतील सरकारी घरांची सुधारणा आधी होईल, असे पंतप्रधानांनीच जाहीर केले होते. मताच्या बदल्यात नळ आणि रस्ता, हा व्यवहार आपल्या वस्त्यांना शिकवावा लागत नाही.

तरीही पक्ष टिकला. लो थिया कियांग यांनी १९९१ मध्ये होगांग जिंकले आणि तो एक मतदारसंघ वीस वर्षे राखला. कार्यकर्ते पक्षाचे पत्र घेऊन वसाहतीत फिरत राहिले. २०११ मध्ये परराष्ट्रमंत्र्यांचा पराभव करून अल्जुनीडच्या पाच जागा आल्या. २०२० मध्ये दहा. मे २०२५ मध्ये ९७ पैकी पुन्हा दहाच.

म्हणून हा पक्ष आदर्श मानावा काय? नाही. २०११ मध्ये लो यांनी विरोधी पक्षाला सह-चालकाची उपमा दिली: चालकाला डुलकी लागली तर जागे करणारा. पण गाडी कोठे चालली आहे, हे सह-चालक विचारतो काय? नाव कामगारांचे, पण ज्या तमिळ आणि बांगलादेशी मजुरांनी ते शहर उभारले त्यांना तेथे मत नाही, आणि २०१३ च्या लोकसंख्याविषयक चर्चेत पक्षाचा भर परदेशी मजूर वाढू नयेत यावरच होता. मत नसलेल्या माणसासाठी बोलत नाही, तोवर विरोध अर्धाच राहतो.

२२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्यात बोलताना बाबासाहेबांनी विरोधी पक्षाचे अस्तित्व ही लोकशाहीची अट मानली. त्या अटीचा अर्थ केवळ समोरच्या बाकावर माणसे असणे एवढाच घेतला, तर सत्ता ती माणसेही स्वतःच पुरवील. आपल्या पक्षाचे तुकडे झाले. प्रत्येक तुकडा मोठ्या पक्षाच्या दारी एकदोन जागांसाठी बसला. सिंगापूरच्या लोकांपेक्षा आपण कमी सोसले असे नाही, आपली माणसे कमी लढाऊही नाहीत. परंतु वीस वर्षे एकच मतदारसंघ स्वतःच्या बळावर राखायचा, ही चिकाटी आपण दाखवलेली नाही. म्हणून पुढच्या निवडणुकीत किती जागा मागायच्या, याची चर्चा करण्याआधी कार्यकर्त्यांनी एक प्रश्न सोडवावा: कोणाकडेही न मागता आपण कोणती एक जागा लढवू शकतो?