कठीण शब्दांची वही

फराळाच्या ताटाशेजारी इंग्रजी शब्दांची चर्चा वाचकांना रुचेल की नाही, कोण जाणे! परंतु आमच्या शाळेतील हुशार मुले भारी शब्द वहीत उतरवून अर्थासह घोकतात, ते पाहून माझा जीव कासावीस होतो. ‘फॉर्लॉर्न’ म्हणजे निराधार, की झाले! एकाने टेकू निसटलेल्या भिंतीला ‘फॉर्लॉर्न’ म्हटले.

कीट्सने १८१९ साली नाइटिंगेल पक्ष्यावर कविता रचली. तीत हा शब्द माणसाला नव्हे, पऱ्यांच्या भूमीला लावला आहे. तेथे ‘निराधार’ कसे चालावे? ‘ओसाड’ जरा जवळचा. पण त्यात हरवलेपण कुठे आहे? जुन्या इंग्रजीत ‘गमावणे’ अशा अर्थाचे क्रियापद होते, त्याचेच हे रूप. याच शब्दावर एक कडवे संपते नि याच शब्दाने पुढचे सुरू होते. त्याच्या नादाने कवी स्वप्नातून भानावर येतो. वहीच्या रकान्यात हे मावायचे कसे? डॉ. जॉन्सनने १७५५ च्या कोशात शब्दांखाली ग्रंथकारांची वाक्ये दिली, ती काय पाने भरायला?

मी स्वतः मॅट्रिकच्या इंग्रजीवर कीट्स वाचला, अगदी सावकाश. मुलांना आता आठवड्याला एकच शब्द देतो, मात्र कवितेसकट.