वाचन, मेंदू आणि लिपी : एका सिद्धांताची चिकित्सा

वाचनाने मेंदू बदलतो, हे विधान आता सर्वमान्य झाले आहे. तो कसा बदलतो, याची सर्वांत प्रभावी मांडणी फ्रेंच शास्त्रज्ञ स्तानिस्लास दहान यांनी २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केली. लेखनकला जेमतेम पाच हजार वर्षांची. एवढ्या अल्पावधीत वाचनासाठी स्वतंत्र केंद्र उत्क्रांत होणे शक्य नाही. म्हणून चेहरे व वस्तू ओळखणाऱ्या, डाव्या गोलार्धाच्या मागील-खालील भागातच अक्षरओळख वस्तीला येते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. लिपी कोणतीही असो, ही जागा जवळजवळ तीच राहते.

२०१० साली पोर्तुगाल व ब्राझीलमधील ६३ प्रौढांच्या अभ्यासात साक्षरांच्या या भागाचा चेहऱ्यांना मिळणारा प्रतिसाद किंचित घटलेला आढळला. त्यावरून साक्षरतेची ‘किंमत’ मोजावी लागते, असा अर्थ अनेकांनी काढला. तथापि, लखनौ परिसरातील ग्रामीण प्रौढांवरील २०१९ च्या अभ्यासात अशी हानी दिसली नाही. त्यामुळे हा अर्थ घाईचा ठरतो. मात्र प्रौढांचा निष्कर्ष मुलांना जसाच्या तसा लावणेही योग्य नव्हे.

जागा एक असली तरी श्रम सारखे नसतात. हिंदी-उर्दू दोन्ही वाचणाऱ्यांवरील २०११ च्या अभ्यासात हिंदी शब्द जलद, तर उर्दू शब्द सावकाश उच्चारले गेले. उर्दूत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिले जात नाहीत. बे, पे, ते यांतील फरक केवळ नुक्त्यांचा असतो. उर्दू वाचणाऱ्या मुलाचा संथपणा हा बुद्धीचा नव्हे, लिपीचाही असू शकतो.

जोयडा तालुक्यात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. घरी कोकणी, मराठी किंवा दख्खनी बोलणारे मूल शाळेत कन्नड लिपी शिकते. काही काळाने ते अक्षरे बिनचूक म्हणते. पण शब्दाचा अर्थ त्याच्या बोलीत नसेल, तर उच्चार होतो, आकलन होत नाही. दहान यांचा सिद्धांत अक्षर मेंदूत कोठे रुजते, हे उत्तम सांगतो. अपरिचित भाषेतील अर्थ कसा रुजवावा, याचे उत्तर त्यात शोधू नये. ते काम घरची बोली जाणणाऱ्या शिक्षकाचे आहे. अडखळणाऱ्या मुलाला ‘मठ्ठ’ ठरवण्यापूर्वी त्याची अडचण लिपीची की भाषेची, एवढे तरी तपासले गेले पाहिजे.