स्वयंसंतुलित गाडी आणि भोवऱ्याचे उदाहरण

दोन चाके शेजारी-शेजारी, मध्ये उभे राहण्यापुरती फळी आणि समोर एक दांडा अशी सेगवे ही गाडी डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेत डीन केमन यांनी लोकांपुढे आणली. तिच्याविषयी लिहिताना बहुतेक ठिकाणी एक ठरावीक वाक्य येते : आत फिरत्या चकत्या आहेत, म्हणून भोवऱ्याप्रमाणे ही गाडी पडत नाही. वाक्य वर्गात सांगायला सोयीचे आहे, पण चुकीचे आहे.

गाडीत 'जायरो' असतात हे खरे. मात्र ते गाडीला धरून ठेवत नाहीत. फळी किती वेगाने कलते आहे, एवढेच ते मोजतात. तोल सांभाळण्याचे काम मोटरचे. उदाहरण द्यायचेच तर तळहातावर उभ्या धरलेल्या काठीचे द्यावे. काठी पुढे कलली की आपण हात पुढे नेतो, म्हणजे ती पडते आहे त्या बाजूला आधार सरकवतो. सेगवेची चाके हेच करतात. मुलांना मीटरभर लांबीची काठी आणि पेन्सिल, दोन्ही तोलून पाहायला सांगा. पेन्सिल जमत नाही, कारण आखूड वस्तू लवकर कलंडते. लांबी चौपट झाली की सावरायला मिळणारा वेळ दुप्पट होतो.

उदाहरण बदलले की सुरक्षिततेचा प्रश्न आपोआप पुढे येतो. भोवऱ्याच्या उदाहरणात तो झाकला जातो, ही माझी मुख्य तक्रार आहे. काठी पुढे झुकत असताना हात आधीच पूर्ण वेगाने पुढे जात असेल तर? आणखी वेग देता येणार नाही आणि काठी पडेल. गाडीचेही तसेच. चालवणारा पुढे झुकला की त्याला सावरायला चाकांनी त्याच्याही पुढे धावले पाहिजे. इतकेच काय, वेग कमी करायचा असला तरी चाके आधी क्षणभर पुढे पळतात, माणूस मागे कलतो आणि मगच ब्रेक लागतो. सेकंदाला ३ मीटर प्रति सेकंद या दराने वेग कमी करायचा, तर माणसाचा गुरुत्वमध्य चाकांच्या आसामागे सुमारे १७ अंश कललेला हवा. सायकलला अशी अट नाही. म्हणून सेगवेची वेगमर्यादा ताशी २० किलोमीटर ठेवली होती. मोटरची उरलेली ताकद सावरण्यासाठी राखून ठेवावी लागते.

ही राखीव ताकद संपली की काय होते, ते २००३ मध्ये दिसले. बॅटरी उतरत आली असताना चालवणारे पडू शकतात असे आढळल्यावर, तोवर विकलेल्या सुमारे ६,००० गाड्या दुरुस्तीसाठी परत मागवल्या गेल्या. साध्या गाडीची बॅटरी संपली तर ती थांबते. येथे ती संपली तर माणूस तोंडावर आपटतो. कारखान्याने दुहेरी बॅटऱ्या आणि दुहेरी नियंत्रण-मंडले घातली होती ती याच भीतीने, आणि ते योग्यच होते. पण सुटा भाग निकामी होणे वेगळे आणि भौतिकीने घातलेली मर्यादा वेगळी. दुसरीवर दुहेरी मंडलाचा उपाय चालत नाही.

दांड्याच्या सेगवेचे उत्पादन २०२० मध्ये बंद झाले. एका चाकाच्या फळ्या मात्र आल्या, आणि त्यांच्या जाहिरातीतही 'स्वयंसंतुलित' हाच शब्द. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत वनव्हील नावाच्या सुमारे ३ लाख फळ्या परत मागवण्यात आल्या. २०१९ ते २०२१ या काळात चार जणांचे मृत्यू झाल्याची नोंद होती. कारण दिले होते ते असे : मर्यादा ओलांडली गेल्यास फळी तोल सांभाळणे थांबवू शकते. नव्या नमुन्यांसाठी उपाय म्हणून प्रणालीत बदल झाला. मर्यादा जवळ आली की फळी आता पायाखाली थरथरते.