वकील बाबासाहेब आणि आपले चरित्रकार

नवीन पनवेलच्या माझ्या वर्गात एका मुलीने विचारले, "सर, डिसेंबर १९२७ मध्ये हजारो माणसे तुरुंगात जायला तयार होती, मग बाबासाहेब थांबले का?" मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. घरी येऊन जयंतीच्या स्टॉलवर घेतलेली छोटी चरित्रे चाळली. त्यांतही उत्तर गुळमुळीतच होते. तेव्हा हा दोष माझ्या एकट्याचा नाही, एवढे समजले.

ही पुस्तके बाबासाहेबांना 'महामानव' म्हणतात, पण वकील म्हणून त्यांच्याकडे पाहत नाहीत. १९२३ साली सनदेसाठी नवल भथेना यांच्याकडून उसने पैसे घेतले, एवढे येते. 'देशाचे दुश्मन' खटल्यात जेधे-जवळकरांची बाजू, १९३४ साली र. धों. कर्व्यांची बाजू, हे ओझरते येते. खैरमोड्यांनी खंडामागून खंड लिहून सामग्री जमवून ठेवली आहे. ती या छोट्या पुस्तकांत पाझरत नाही. चवदार तळ्याचा दावा तर एका वाक्यात संपतो.

खरे तर तो दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. १२ डिसेंबर १९२७ला महाडच्या काही सवर्णांनी बाबासाहेब व इतरांवर दिवाणी दावा लावला. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी तिथे न येण्याची रूढी अनादी आहे, हे त्यांचे म्हणणे. १४ तारखेला तात्पुरती मनाई मिळाली. पंचवीसला परिषद भरली, मनुस्मृती जळली, आणि तळ्याकडचा सत्याग्रह तहकूब झाला. पुढे महाडच्या कोर्टाने १९३१ साली, ठाण्याच्या कोर्टाने १९३३ साली आणि न्या. ब्रूमफील्ड व न्या. वाडिया यांच्या हायकोर्टाने १७ मार्च १९३७ला वादींना नाकारले. (हेच ब्रूमफील्ड १९२२ साली गांधींना सहा वर्षांची शिक्षा देणारे.) वीस मार्चला आपण महाडला जातो. सतरा मार्च आपल्या कॅलेंडरात नाही.

आता जो भाग आपण सोयीने वाचत नाही, तो सांगतो. हायकोर्टाने अस्पृश्यता अन्याय आहे असे म्हटलेले नाही. वादींना रूढी अनादी असल्याचे सिद्ध करता आले नाही, एवढ्यावरच निकाल उभा आहे. रूढी अन्याय्य किंवा सार्वजनिक हिताविरुद्ध आहे काय, हा प्रश्न न्यायमूर्तींनी खोलात तपासलाच नाही. खालच्या कोर्टांत तो मुद्दा रीतसर मांडलेलाही नव्हता, असे ते नोंदवतात. म्हणजे पुरावा भरभक्कम असता तर काय, हा प्रश्न लोंबकळतच राहिला. मला या विजयाने आनंद होतो आणि अस्वस्थताही येते. चरित्रकाराने ही अस्वस्थता वाचकापासून लपवू नये.

उलट उदाहरण अमेरिकेत आहे. १८४९ साली बोस्टनमध्ये सेरा रॉबर्ट्स या काळ्या मुलीला गोऱ्यांच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून चार्ल्स सम्नर आणि रॉबर्ट मॉरिस हा काळा वकील कोर्टात उभे राहिले. सम्नरने कायद्यापुढील समतेचे तत्त्वच मांडले, आणि ते हरले. पुढे सम्नर सिनेटर झाला. मॅसॅच्युसेट्समध्ये १८५५ साली कायद्याने शाळांतली ही फाळणी बंद झाली. पण हरलेल्या निकालाचा आधार घेऊनच १८९६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फाळणी कायदेशीर ठरवली. तत्त्व मांडून हरलेला निकाल असा पुढच्यांच्या गळ्यात पडतो. महाडला तसे झाले नाही, म्हणून मी तो अरुंद विजय क्षुल्लक मानत नाही.

माझ्या घरात मी पहिला पदवीधर. वडिलांना एकदा जमिनीच्या तंट्यात समन्स आले. वाचणारा कोणी नव्हता. ते आढ्याला खोचून ठेवले, तारीख उलटून गेली. कोर्टाचा कागद आमच्याकडे देवीच्या कोपासारखा येत असे. अशा माणसांच्या सभेत उभे राहून 'मनाई आहे, आज थांबू, दावा लढू' असे सांगणे म्हणजे कचखाणे नव्हे. मनाई मोडली असती तर कायदा वादींच्या पदरात पडला असता. सरकार आणि सवर्ण एका बाजूला झाले असते. हा हिशेब पुढाऱ्याने केला की बॅरिस्टरने, हे मला वेगळे करता येत नाही.

बोल्यांच्या १९२३च्या ठरावात सार्वजनिक पैशाने बांधलेल्या व चालवलेल्या पाणवठ्यांचा उल्लेख होता. महाडचा वाद खाजगी की सार्वजनिक यावर सुरू झाला. मग संविधानाचे कलम १५(२) काढून वाचा: विहिरी, तळी, घाट, रस्ते, सरकारी पैशाने चालणारे किंवा लोकांच्या वापरासाठी दिलेले. हा तपशील मला तरी महाडच्या दाव्याच्या कागदांशेजारी ठेवूनच कळतो. आणि कलम १७ मध्ये अस्पृश्यता नष्ट केली आहे, रूढी अनादी असो वा कालची. हायकोर्टाने न तपासलेला प्रश्न तिथे निकालात निघाला.

पुढच्या तासाला त्या मुलीला मी निकालाची प्रत दिली. तिने पहिलेच विचारले, वादींची नावे आपल्या पुस्तकांत का नाहीत?