स्मरणचित्र की स्मृतिचित्र? अंबिका धुरंधरांच्या आत्मकथनासंबंधी

चित्रकार अंबिका धुरंधर (1912-2009) यांचे 'माझी स्मरणचित्रे' हे आत्मकथन बहुधा साधनग्रंथ म्हणूनच हाताळले जाते. म. वि. धुरंधरांचा अभ्यासक त्यातून वडिलांविषयीची माहिती टिपतो आणि पुस्तक मिटतो. लेखिकेने 1931 साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका मिळवली होती, हे या वाचनात तळटीपेपुरते उरते. त्याच वर्षी वडील त्या संस्थेतून निवृत्त झाले आणि पुढे 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' (1940) हे आत्मचरित्र त्यांनी लिहिले. कन्येला आत्मकथनाचा नमुना घरातच उपलब्ध होता.

शीर्षकामुळे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आठवणे अपरिहार्य आहे. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाईंनी लेखणी धरली ती पतीच्या नियोजित चरित्राला आठवणी पुरवण्यासाठी. 1934 पासून प्रसिद्ध होत गेले ते मात्र त्यांचे स्वतःचे आयुष्य. अंबिकाबाईंच्या बाबतीत याच्या उलट घडले, 'माझी' म्हणून आरंभलेले कथन वडिलांकडे वळले, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो अर्धाच खरा आहे.

'स्मृतिचित्र' हे रूपक होय. 'स्मरणचित्र' ही मात्र चित्रकलेच्या परीक्षांतील संज्ञा आहे, शाळकरी मुलांनाही परिचित असलेली. समोर वस्तू नसते. पाहिलेले आठवून काढायचे असते. जे. जे.मधील वास्तववादी शिक्षणाचा भर समोरच्या मॉडेलच्या हुबेहूब रेखाटनावर होता, आणि तेथे चूक दाखवायला मॉडेल व शिक्षक दोघेही हजर असत. स्मरणचित्रात ही साक्ष नाही. काय ठेवावे, काय गाळावे याचा अधिकार सर्वस्वी पाहणाऱ्याचा.

या अर्थाने पाहिल्यास पुस्तकातील वडिलांचे स्थान बदलते. ऑटो रॉथफील्डच्या 'विमेन ऑफ इंडिया' (1920) या ग्रंथासाठी भारतीय स्त्रियांची चित्रे काढणारा हा चित्रकार येथे एका स्त्रीच्या दृष्टीचा विषय झाला आहे. अर्थात, ही दृष्टी सर्वत्र मोकळी आहे असे नव्हे. पित्याविषयीचा आदर निरीक्षणाला कित्येकदा आवरतो. परंतु तो आवर कोठे कन्येचा आणि कोठे चित्रकर्तीचा, हे केवळ संहितेवरून ठरणार नाही. त्यासाठी अंबिकाबाईंची स्वतःची चित्रे या पुस्तकाशेजारी ठेवून पाहावी लागतील, वडिलांची नव्हेत.