गाळावरचे अरण्य आणि आपले वनवाङ्मय

मराठीत वनवाङ्मय नाही, असे आज कोणी म्हणू धजणार नाही. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ 1956 साली प्रसिद्ध झाले. हद्दीसाठी भांडणाऱ्या वानरटोळ्यांची कथा सांगणाऱ्या व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’ला 1983 सालचा साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. मारुती चितमपल्ली ह्यांनी तर वनखात्याच्या चाकरीत हयात वेचली आणि 2025 च्या जूनमध्ये देह ठेवला, तेव्हा त्यांच्या मागे ग्रंथांची एक ओळच्या ओळ उभी होती. ही संपदा लहान नव्हे. परंतु उत्तरेच्या सपाटीत नोकरीची काही वर्षे काढल्यावर हीच पुस्तके पुन्हा हाती घेतली, म्हणजे त्यांतील एक मर्यादा ध्यानात येते. महाराष्ट्रात बसून वाचणाऱ्यास ती जाणवण्याचे कारण नाही.

ती मर्यादा अशी की आपले सारे अरण्य दगडावर उभे आहे. सह्याद्रीचे कडे घ्या, मेळघाटच्या दऱ्या घ्या, की नागझिऱ्याचे डोंगर घ्या. पायाखाली खडक आहे. आपल्या नद्याही बहुतेक खडकात पात्र कोरून वाहतात. पूर कितीही मोठा येवो, तो ओसरला की नदी आपल्या जुन्या काठांमध्ये परतते. त्यामुळे मराठी लेखकाच्या अरण्यात नदी म्हणजे पाणवठा किंवा डोह. संध्याकाळी जनावर जेथे येते आणि लेखक जेथे दबा धरून बसतो, ती जागा. अरण्य आधी आहे आणि नदी त्यातून वाहते, हा क्रम आपण इतका गृहीत धरला आहे की तो उलटाही असू शकतो, हे आपल्या मनात येत नाही.

तो उलटलेला पाहावयाचा तर लखनौहून फार दूर जावे लागत नाही. अमीनाबादेपासून चालत जाण्याच्या अंतरावर कैसरबागेचे बसस्थानक आहे; तेथून लखीमपूर, पलिया ओलांडून सव्वादोनशे किलोमीटरांच्या सुमारास दुधवाचे राष्ट्रीय उद्यान लागते. त्याच्या उत्तरेला नेपाळच्या सीमेकडे मोहाना नदी, दक्षिणेला सुहेली. ह्या भागातील जमीन हिमालयातून वाहून आलेल्या गाळाची आहे. जुना गाळ ज्या उंचवट्यांवर साचला, तेथे सालवृक्षांचे गर्द वन आहे. त्याखालच्या सखल भागात माणूस बुडेल एवढ्या उंच गवताची कुरणे, ज्यांना तिकडचे लोक ‘फाँटा’ म्हणतात. आणि नदीने टाकून दिलेल्या वळणांत पाणी साचून झालेले ‘ताल’. नदी वाळूचे नवे बेट वर काढते, तेव्हा त्यावर प्रथम काँस उगवते, मग खैर आणि शीशम, आपल्या शिसवीचा चुलतभाऊ. (अमीनाबादेतील पानाला जो कात लागतो तो ह्याच खैराचा, हे पान खाणाऱ्यांच्या गावी नसते.) पुढे मागे नदी पुन्हा त्या बाजूस वळते आणि खैर, शीशम, काँस, सारे घेऊन जाते. म्हणजे हे अरण्य नदीने लिहिलेले आहे आणि ती ते खोडून पुन्हा लिहीत असते. तिने खोडणे थांबवले, तर कुरणांत झाडोरा शिरतो आणि कुरणे कुरणे राहत नाहीत.

आपल्या ओळखीचे एक उदाहरण देतो. बालाघाट-मंडल्याच्या सीमेवरील कान्हा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. तेथील बारशिंगा 1970 साली अवघा 66 उरला होता आणि तो वाचवण्यात आला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तोच प्राणी दुधव्यातही आहे. किंबहुना 1958 साली येथे पहिले लहानसे अभयारण्य झाले ते त्याच्यासाठीच. परंतु कान्ह्याच्या बारशिंग्याचे खूर घट्ट आणि आखूड, कोरड्या कठीण कुरणावर चालण्याजोगे. तराईच्या बारशिंग्याचे खूर पसरट, चिखलात न रुतणारे. नाव एक, शिंगे सारखी. भूमीने पाय मात्र निराळे केले. मला वाटते, आपल्या वनवाङ्मयाचे खूर कान्ह्याचे आहेत.

ह्यात केवळ भूगोलाची उणीव असती, तर हा लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. उणीव दृष्टीची आहे, आणि ती जतनाच्या कल्पनेपर्यंत पोहोचते. कुऱ्हाड आणि बंदूक हे अरण्याचे दोन शत्रू आपण ओळखतो. त्यांना बाहेर ठेवणारी सीमा आखली की अरण्य वाचले, असे मानतो. कतर्नियाघाटच्या अभयारण्यात काय घडले ते पाहा. नेपाळातून येणारी कर्णाली दोन फाट्यांनी खाली उतरते. त्यांतील गिरवा ह्या अभयारण्यातून वाहते आणि तिच्या उघड्या पुळणींवर घडियाल अंडी घालतात. 2010 च्या सुमारास कर्णालीचा मुख्य प्रवाह दुसऱ्या फाट्याकडे, कौडियालाकडे वळला. गिरवेचे पाणी उतरले. दर पावसाळ्यात पुळणी धुऊन काढणारा लोंढा येईनासा झाला. त्यांवर गवत आणि झुडपे माजली. झाड कोणी तोडले नाही, प्राणी कोणी मारला नाही, उलट हिरवाई वाढली. आणि त्या हिरवाईनेच घडियालाची अंडी घालण्याची जागा हिरावून घेतली. पुढे वनखात्याला तो झाडोरा काढून, वाळू टाकून जागा मोकळी करावी लागली. हिरवे ते सारे मंगल, ह्या श्रद्धेने लिहिणारा आपला निसर्गलेखक ह्या पुळणीवर उभा राहिला असता, तर त्याने कोणते विशेषण वापरले असते?

चितमपल्लींना हा प्रश्न विचारणे अन्यायाचे आहे, हे मी जाणतो. त्यांचे जलमय जग नवेगावबांधचे होते, आणि नवेगावबांध हा कोहळी लोकांनी बांधलेला तलाव. ‘बांध’ हा शब्द नावातच आहे. तेथील पाणी माणसाने अडवून स्थिर केलेले; पक्षी येतात, जातात, काठ जागचा हलत नाही. त्या स्थिर काठावरून त्यांनी जे पाहिले, त्याला मराठीत तोड नाही. विशेषतः रानातल्या माणसांकडून त्यांनी जमवलेले शब्द! पण तेच पाहा ना: पाणथळीच्या त्या शब्दांपाशी आपण थांबलो. खादर, कछार, दियारा, फाँटा ह्यांना मराठीत जागा मिळालेली नाही. आपल्याकडचा जवळचा शब्द ‘गाळपेर’. तो महसूल आणि पाटबंधारे खात्यांत राहिला, वाङ्मयात आला नाही.

आणि येथेच मला विभूतिभूषण बंद्योपाध्यायांच्या ‘आरण्यक’ची आठवण होते. 1939 साली ग्रंथरूपाने आलेली ही बंगाली कादंबरी सर्वांना वनप्रेमाची पोथी म्हणून ठाऊक आहे. परंतु ती सुरू होते एका दप्तरी गोष्टीपासून. कलकत्त्याचा बेकार पदवीधर सत्यचरण बिहारात जमीनदारीचा व्यवस्थापक म्हणून जातो. ज्या जमिनीची व्यवस्था लावावयाची, ती पूर्वी गंगेने गिळली होती आणि काही वर्षांनी परत वर काढून दिली होती. जुनी कुळे हक्क सांगत येतात; जमीनदाराला नवी कुळे हवी असतात. वाचक हे पान घाईने उलटतो आणि चांदण्यातील काँसवनाकडे धाव घेतो. पण ते काँस आणि ते रानझाऊ तेथे का आहेत, ह्याचे उत्तर त्या उलटलेल्या पानातच आहे: नदीने जमीन सोडली म्हणून. लेखक हे जाणून होता, कारण त्याने स्वतः भागलपूरकडे अशीच नोकरी केली होती. माझी एक तक्रार आहे ती अशी की पुढे सत्यचरणाची अपराधबुद्धी कादंबरी इतकी व्यापते की नदी विसरली जाते. अरण्य नष्ट करणारा एकटा माणूसच उरतो. तरीही, परप्रांती नोकरीस गेलेल्या एका कारकुनी पेशाच्या माणसाने, हातातल्या खतावणीतूनच अरण्याला हात घातला, हे आपणांस विचार करावयास लावणारे आहे.

दुधव्याला स्वतःचा लेखक लाभला तो इंग्रजीत. अर्जनसिंगांच्या खटपटीमुळे 1977 साली राष्ट्रीय उद्यान झाले. त्यांचे घर सुहेली आणि न्योरा ह्यांच्या संगमावर होते. पण त्यांच्या वाचकांच्या स्मरणात राहिली तारा वाघीण. सुहेली कोणाला आठवत नाही.

‘आपण तीन वर्षांचे पाहुणे, परक्या भूमीवर काय लिहावे?’ असे आपल्या मंडळींत म्हटले जाते. मला हे सोयीचे वाटते, खरे वाटत नाही. भातखंडेही लखनौस परकेच होते. 1926 साली येथे मॅरिस कॉलेज उभे राहिले ते त्यांच्या प्रयत्नाने, आणि त्याआधी त्यांनी उत्तरेतील घराण्यांच्या दारी जाऊन चिजा टिपून घेतल्या होत्या. नोंद करणे हा आपला जातिवंत गुण आहे, आणि ह्या अरण्याला हवी आहे ती नोंदच. खीरी जिल्ह्याचे नेव्हिल ह्यांनी संपादिलेले 1905 चे गॅझेटिअर काढून नद्यांचे प्रकरण वाचावे. बनबसा येथे बंधारा घालून 1928 साली सुरू झालेल्या शारदा कालव्याचा इतिहास त्याला जोडावा. कालव्यामागून आलेला ऊस कुरणांच्या कडेपर्यंत कसा पोहोचला आणि वाघ त्या उसात कसा राहू लागला, हे पाहावे. हे काम कवीपेक्षा दप्तर वाचता येणाऱ्या माणसाचे अधिक आहे.

कामाला निकड आहे. दुधव्याच्या फाँट्यांवरून ओसरलेल्या बारशिंग्यांचा मोठा कळप आता किशनपूर अभयारण्यातील झादी तालाच्या आश्रयाला असतो, आणि शारदा नदी काठ कापीत त्या तालाच्या दिशेने सरकली आहे. ताल नदीत गेला तर सरकारी कागदात इतके हेक्टर क्षेत्र घटले अशी नोंद होईल. नदीने दुसरीकडे नवा ताल टाकला, तर तो बहुधा अभयारण्याच्या सीमेबाहेर, कोणाच्या तरी उसात असेल.